सासरे, सिलिंडर आणि सरपण

मिशिगनमध्ये फुकट मिळालेलं लाकूड फार महाग पडतं. २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत किडा सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्या परसातली अशी झाडं पाडून घेतली. पाडणारा ओंडके तिथेच टाकून, पैसे घेऊन गेला. घरात वूड स्टोव्ह आहेच. "चला, हिवाळ्याची सोय झाली!" असं सगळे म्हणाले. सगळे म्हणजे, ज्यांना ते फोडायचे नव्हते ते.

मग जुना हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबावर ओंडके फोडणारं यंत्र, घेतलं. लोखंडी तुळई, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. दांडा ढकलला की पिस्टन ओंडक्याला पाचरीवर रेटतो. अंगावर '२७ टन' असं ठसठशीत स्टिकर. सिलिंडर ४ इंच व्यासाचा, पंपाचा दाब जास्तीत जास्त ३,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड. सिलिंडरच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून दाबाने गुणलं तर ३७,७०० पौंड, म्हणजे २,००० पौंडांच्या अमेरिकन टनात जेमतेम १९. उरलेले ८ टन स्टिकरचं वजन असावं.

तरी अ‍ॅशला १९ टन पुष्कळ. तक्रार होती वेगाची. २४ इंच जाऊन परत यायला पिस्टनला १३ सेकंद लागत. शेजारी म्हणाला, "मिनिटाला ११ गॅलन तेल ढकलणारा पंप काढ, १६ चा टाक, ९ सेकंदांवर येशील." हिशेब बरोबर होता. फक्त त्या पंपाला ८ हॉर्सपॉवर लागतात आणि माझं इंजिन ५ चं. म्हणजे इंजिन नवं, तेलाची नळी (होज) जाड, फिल्टर मोठा. बायकोने यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "एवढ्यात घर तापवायच्या गॅसचं बिल किती हिवाळे भागेल?"

तेवढ्यात सासरे आले. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात जन्मभर फिटर. इथे येऊन त्यांना बघायला यंत्र नव्हतं, म्हणून खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसले.

"जावईबापू, यंत्र १३ सेकंद घेतं. तुम्ही वाकता, पडलेली ढलपी उचलता, कंबर धरून आकाशाकडे बघता, मग दुसरा ओंडका आणता. यात पाऊण मिनिट जातं. पंप नक्की कोणाचा बदलायचा?"

बायको खिडकीतून हसली. मला ऐकू आलं.

मग गॅरेजचं वर्कशॉप झालं. तुळई कमरेच्या उंचीला आली. उंच झालेलं यंत्र कलंडू नये म्हणून पाय रुंद केले. दोन्ही बाजूंना पत्र्याची टेबलं लागली, म्हणजे फुटलेला अर्धा तुकडा पायावर पडायचा तो टेबलावर थांबतो. आणि खरी करामत एका खुंटीत. आमचे ओंडके १६ इंची, मग पिस्टनने २४ इंच मागे जायचंच कशाला? त्यांनी पुढच्या पाट्याला खुंटी जोडली. पिस्टन १७ इंच मागे आला की ती खुंटी व्हॉल्व्हच्या दांड्याला टिचकी मारते, दांडा मध्यावर, पिस्टन जागच्या जागी थांबतो. फेरी ९ सेकंदांची. पंप तोच.

शेजाऱ्याने आणखी एक सुचवलं: पुढे ढकलायचा दांडा स्प्रिंगने अडकवून ठेव, हात मोकळे राहतील. सासरे म्हणाले, "त्यांना विचारा, मोकळे म्हणजे मनगटापासून का?" आमच्याकडे नियम एकच, ज्याचा हात लाकडावर त्याचाच दांड्यावर. होजपाशी तेलाचा ओलावा दिसला तर बोट न्यायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. सुईएवढ्या छिद्रातून तेवढ्या दाबाचं तेल कातडीत शिरतं, वरून टाचणी टोचल्याइतकंच दिसतं आणि पुढे बोटावर बेतू शकतं.

हे सगळं कुंपणापलीकडून पाहून शेजाऱ्याने सासऱ्यांना काहीतरी विचारलं. सासऱ्यांच्या इंग्रजीत नकाराला शब्द नाही. "येस, येस" म्हणाले आणि संध्याकाळी ट्रेलरभर लाकूड आमच्या दारात. एल्म. एल्मचे धागे वाखाच्या दोरासारखे एकमेकांत पिळलेले. पाचर पार आत जाते आणि लाकूड फुटायच्या ऐवजी फाटत, चरचरत राहतं. दोन तुकडे टेबलावर हात धरून उभेच. मग कुऱ्हाडीने एकेक धागा तोडा.

मी सासऱ्यांना तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतोय म्हणे. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली आहेत.