‘अजून पोरं भरा, तोटा संपेल’ म्हणे!

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या नोकरकपातीवरचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. माझी भाची तिथल्या एका विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवते. तिला तो खुद्द तिच्या सासऱ्यांनी पाठवला, खाली ‘जरा विचार कर’ असा शेरा मारून. तिच्या स्कूलमध्ये कोण राहणार, कोण जाणार याची टांगती तलवार आहे आणि वर हे. ती सासऱ्यांना उलटून बोलणार नाही. मला तसली अडचण नाही.

दावे चार आहेत. परदेशी विद्यार्थ्याची फी म्हणजे निव्वळ नफा. म्हणून तोट्यातल्या स्कूलने आणखी विद्यार्थी भरावेत. संशोधनवाले फुकटचा पगार खातात. आणि पाच वर्षांचा ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ ही शुद्ध थाप.

पहिल्या दाव्यातला हिशेब असा: १०० विद्यार्थी गुणिले २०,००० पौंड, झाले २० लाख. बस्स! परदेशातून विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटचं कमिशन कुठे गेलं? विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून दिलेली फीसवलत? इमारती, ग्रंथालय, आयटी, प्रवेश विभाग यांच्यासाठी विद्यापीठ आधीच कापून घेतं तो वाटा? उरलेल्या पैशात शिकवणारे नेमायचे, १०० प्रबंधांना मार्गदर्शक शोधायचे आणि पेपर तपासायचे. तरीही या विद्यार्थ्यांवर पैसे उरतात, नाही असं नाही. पण ते आधीच्या खड्ड्यात जातात. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्याच्या फीची मर्यादा २०१२ साली ९,००० पौंड होती, २०१७ साली ९,२५० झाली आणि तिथेच गोठली. २०२५ मध्ये ती ९,५३५ झाली. मधल्या काळातली महागाई कोणी भरली? याच परदेशी फीने.

‘भरा’ हा शब्द तर कहर आहे. परदेशी विद्यार्थी घ्यायचा तर विद्यापीठाला त्याच्या व्हिसाचं प्रायोजक व्हावं लागतं आणि त्याच्या अटी असतात. २०२५ च्या सुरुवातीला त्या अशा होत्या: प्रायोजित अर्जांपैकी १० टक्के व्हिसे नाकारले गेले की प्रायोजकत्व धोक्यात. किमान ९० टक्क्यांनी प्रत्यक्ष नाव नोंदवायला हवं होतं, ८५ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा करायला हवा होता. मे २०२५ च्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेत सरकारने या तिन्ही अटी आणखी पाच-पाच अंकांनी (१० चे ५, ९० चे ९५, ८५ चे ९०) आवळायचं जाहीर केलं. म्हणजे दिसेल त्याला प्रवेश दिला तर फटका एका स्कूलला नाही, सगळ्या विद्यापीठाला.

शिवाय मागणी स्कूलच्या हातात नसते. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार-मुलांना सोबत नेणं बंद झालं. नायजेरियाचं चलन, नायरा, घसरलं, तिकडचे विद्यार्थी आटले. एक वर्षाच्या मास्टर्सवर चालणाऱ्या स्कूलला बुडायला असा एक सप्टेंबर, म्हणजे प्रवेशाचा एक हंगाम, पुरतो. पदवीचा विद्यार्थी निदान तीन वर्षं फी भरतो. मास्टर्सचा वर्ग दरवर्षी शून्यातून उभा करायचा, आणि शिक्षकांचे पगार मात्र कायमचे. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातली मोठी तूट २०२४ च्या अखेरीस उघड झाली; तिचा आकडा सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेला. पुढे पामेला गिलीज यांच्या चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते व्यवस्थापनाच्या आर्थिक निर्णयांवर आणि ढिल्या देखरेखीवर. विद्यार्थी घटले होतेच, पण ते वेळीच बघून खर्च आवरणं हे वरच्यांचं काम होतं. वर्गात शिकवणाऱ्यांचं नव्हे.

संशोधनाबद्दल थोडक्यात. सरकारी संशोधन परिषदा प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाच्या साधारण ८० टक्केच देतात. उरलेलं विद्यापीठाने घालायचं. म्हणजे अनुदान मिळवणाऱ्या हुशार माणसामुळेच तूट वाढते! यात फुकट खाण्याचा संबंध कुठे आला?

राहिला प्लॅन. इथे फॉरवर्डवाल्याला निम्मे गुण द्यावे लागतात, नाइलाजाने. हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो, ‘जागतिक दर्जा’, आणि शेवटच्या पानांत एक चढत जाणारी रेघ. ती रेघ कशाची? विद्यार्थिसंख्येची. इंग्लंडची नियामक संस्था ऑफिस फॉर स्टुडंट्स हिने मे २०२४ च्या अहवालात सगळ्या विद्यापीठांचे अंदाज एकत्र मांडले. २०२२-२३ ते २०२६-२७ या काळात नव्याने येणारे परदेशी विद्यार्थी ३५ टक्क्यांनी आणि देशी २४ टक्क्यांनी वाढतील, असं त्या बेरजेतून निघत होतं. प्रत्येकाने धरलं होतं की वाढ आपल्याकडे येणार. नियामकाने हे अंदाज अतिआशावादी ठरवले. त्याच अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये ४० टक्के संस्था तुटीत जाणार होत्या.

म्हणजे प्लॅन फसले ते ‘आणखी विद्यार्थी भरू, तोटा संपेल’ एवढ्याच भरवशावर उभे होते म्हणून. सासरेबुवांनी सुनेला पाठवलेला उपाय तिच्या वरिष्ठांनी आधीच करून पाहिलाय.