कॉलेजचा कार्बन मोजायला बसलो आणि थेट गेटवर जाऊन पोचलो

खूप दिवस लिहायचं होतं हे. आज पाऊस धरून बसलाय, लाइट आहे तोवर लिहून टाकते.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगणार आहे ते कोकणातल्या जवळजवळ कुठल्याही कॉलेजला लागू पडेल. नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची तपासणी आली की ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिटची कागदपत्रं लागतात. आमच्याकडे मागच्या खेपेला बाहेरून दोन माणसं आली, एका दिवसात कॅम्पस फिरली, झाडं मोजली, आंबा-काजू-वडाला शास्त्रीय नावांच्या पाट्या लागल्या, फोटो झाले, सर्टिफिकेट आलं. पाट्या चांगल्याच आहेत, मुलं थांबून वाचतात. पण आपल्या कॉलेजमुळे वर्षाला हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो हा आकडा त्या अख्ख्या फाइलीत कुठेच नव्हता. मला ते फार लागलं. टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त पडला तर आपण मुलांना रीडिंग परत घ्यायला लावतो, आणि स्वतःच्या संस्थेचा हिशेब मात्र अंदाजपंचे कसा चालतो?

म्हणून एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सात-आठ मुलामुलींना घेऊन बसले. पद्धत काही अवघड नाही. हवा तापवणारे वायू मोजायची जी पद्धत जगभर जीएचजी प्रोटोकॉल म्हणून वापरतात त्यात तीन कप्पे आहेत. स्कोप 1 म्हणजे आपण आपल्या आवारात जाळतो ते, जनरेटरचं डिझेल, कँटीनचा गॅस. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. आणि स्कोप 3 म्हणजे बाकीचं सगळं, मुलांचं नि स्टाफचं येणंजाणं त्यातच आलं. मग वर्षभराची बिलं काढायची आणि गुणाकार करत बसायचं. लिटरभर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड (सीओटू), पेट्रोलचे 2.3, कँटीनचा 19 किलोचा सिलिंडर संपला की 57 किलोच्या आसपास आणि विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. एवढे चार आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते, महिनाभर कुणी पुसले नाहीत.

बिलांवरून एकूण कळतं पण कुठे जातंय ते नाही कळत. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी कुलूप लागताना मीटरचं रीडिंग घेतलं आणि सोमवारी सकाळी उघडायच्या आधी परत घेतलं. आमचे शिपाईकाका बरोबर होते, ते म्हणाले, "मॅडम, लाइट गेल्याशिवाय ह्या मीटराकडे कोण बघता?" खरंच होतं ते, मीटरच्या पेटीत कोळिष्टकं आणि मुंग्यांचं वारूळ, काच पुसल्याशिवाय आकडे दिसेनात. वजाबाकी केली तर बंद कॉलेजने रविवारी कामाच्या दिवसाच्या जवळजवळ एक तृतीयांश वीज खाल्ली होती! माणूस नाही, वर्ग नाही, तरी.

पुढच्या शनिवारी मग आम्ही शोधच घेतला. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, तो जितका भराभर लुकलुकतो तितकी वीज त्या क्षणी जात असते, किती वेळा लुकलुकला की एक युनिट हेही मीटरवरच छापलेलं असतं. काका टॉर्च धरून दिव्यासमोर, एक मुलगा मोबाइलवर सेकंद मोजतोय आणि मी मुलींना घेऊन एकेक स्विच बंद करत चाललेय. तीन जुने वॉटर कूलर बंद केले तशी खालून हाक आली, "दिवो मंद झालो बघा!" मग लॅबमधला फ्रीज, ज्यात उघडून बघितलं तर वर्षापूर्वी संपलेल्या केमिकलच्या दोन बाटल्या. मग मागच्या टाकीचा पंप. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट अडकला होता, टाकी भरून वाहत होती, खाली जांभ्यावर हिरवंगार शेवाळ आलेलं, आणि पंप मात्र चालूच. म्हणजे पाणीही गेलं नि वीजही गेली. हे सगळं दुरुस्त करायला नवा फ्लोट आणि कूलरला टायमर एवढाच खर्च आला.

एसीचं तर मला स्वतःलाच माहीत नव्हतं, केमिस्ट्री शिकवत असून. आपल्याकडे खारी हवा एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाऊन टाकते, बारीक गळती सुरू होते, आणि दर मार्चमध्ये मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. बिलात "गॅस फिलिंग" अशी एक ओळ असते, तिच्याकडे कोण बघणार. आमच्या एसीत आर-410ए नावाचा गॅस आहे. त्याचा एक किलो हवेत सुटला तर तो सुमारे दोन टन सीओटूइतका तापवतो. दोन टन! तेवढ्यासाठी जवळपास 2900 युनिट वीज जाळावी लागेल. एसी 24 वर ठेवा असे स्टिकर आम्ही सगळीकडे लावले आणि तिकडे गॅस मात्र दरवर्षी आकाशात. आता ठरवलंय, गळती शोधून ब्रेझिंग, म्हणजे झाळून बंद केल्याशिवाय गॅस भरायचा नाही, आणि नवीन घ्यायची वेळ आलीच तर आर-32 चा, त्याचा परिणाम साधारण एक तृतीयांश आहे. तसं बघितलं तर आमची जुनी कौलारू इमारत आहे, जाड जांभ्याच्या भिंती, तिथे मे महिन्यात पण पंख्यावर भागतं. एसी लागतो तो नव्या स्लॅबच्या इमारतीत, काचा लावलेल्या. ती बांधताना कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जनरेटरचं थोडक्यात सांगते. अख्ख्या कॅम्पससाठी घेतलेला मोठा सेट ऑफिसच्या पाच-सहा कॉम्प्युटरसाठी सुरू केला की तो लिटरमागे जेमतेम दोन-अडीच युनिट देतो. ऑफिसला साधा इन्व्हर्टर पुरतो, तो बसवला.

आता गेटचं.

स्कोप 3 बहुतेक जण सोडून देतात, बिल येत नाही ना त्याचं. आमच्या मुलांनी आठवडाभर सकाळी गेटवर बसून प्रत्येकाला विचारलं, कुठल्या गावचा, किती किलोमीटर, कशाने आलास, बरोबर कोण. दोनशेच्या वर मोटरसायकली आणि स्कूटी. घाटाखालच्या वाड्यांतून, खाडीपलीकडून, कुणी बारा तर कुणी बावीस किलोमीटरवरून. हिशेब केला तेव्हा वर्गात सगळे गप्प झाले, कारण वीज, डिझेल, गॅस सगळं एकत्र करूनही जेवढं होत होतं त्यापेक्षा मुलांच्या पेट्रोलचा आकडा मोठा निघाला.

एकाच मुलाचं बघा. रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर, वर्षाचे 200 दिवस, म्हणजे 8000 किलोमीटर. गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते धरलं तरी 160 लिटर पेट्रोल, साडेतीनशे किलोच्या वर सीओटू, आणि सोळा हजारांच्या वर रुपये, तेही ज्या घरात आंब्याचं पीक गेलं तर फी भरायची पंचाईत होते अशा घरातून. एक वाढलेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो घेतं असं साधारण धरतात, म्हणजे या एका मुलासाठीच पंधरा ते अठरा मोठी झाडं झाली. तोच मुलगा एसटीने आला तर? गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, चाळीस माणसं असली तर माणशी वाट्याला येतो वर्षाचा शंभर-सव्वाशे किलो. आणि खरं म्हणजे ती गाडी तशीही धावतेच, अर्धी रिकामी.

मग मुलं एसटीने का येत नाहीत? आळस म्हणून नाही हो. आमचं पहिलं प्रॅक्टिकल पावणेआठला आणि गावाकडची पहिली गाडी स्टँडवर लागते आठ-दहाला. बस्स, एवढंच कारण. पंचवीस मिनिटांसाठी दोनशे गाड्या. मुलांनी कधी सांगितलं नाही कारण आम्ही कधी विचारलं नाही, आणि पावसात घसरून हात मोडून घेतलेली पोरं मात्र दरवर्षी बघत आलोय.

स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले की आपलं कॉलेज केवढं, याने जगाला काय फरक पडणार. त्यांचा मान राखून मी एवढंच म्हटलं, सर, 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किती दिवस अंधारात होतो आपण? समुद्र तापतोय त्याची झळ आपल्याच दारात येते. ग्लासगोच्या हवामान परिषदेत त्याच वर्षी देशाने 2070 पर्यंत नेट झिरो व्हायचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घ्यायचं जाहीर केलं, आमच्या वर्गातली ही मुलं तेव्हा पासष्टीला टेकलेली असतील. त्यांना आज साधं मोजायला तरी शिकवू दे मला.

सोलर हवंच, मला कुणी विरोधात समजू नका, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन किती पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि छपरावर पॅनल बसवून खाली टाकी वाहत राहिली तर काय उपयोग. आधी गळती बंद करा, मग पॅनल लावा.

जूनपासून प्रॅक्टिकल साडेआठला सुरू होतात. काही सहकाऱ्यांची गैरसोय झाली, त्यांनी ती सोसली, त्यांचे मनापासून आभार. सकाळी पार्किंगमध्ये आता मोकळी जागा दिसते आणि स्टँडवरून घोळक्याने चालत येणारी पोरं दिसतात, छत्र्या सांभाळत. पण संध्याकाळचा प्रश्न तसाच आहे. प्रॅक्टिकल संपतं पाच-दहाला, आणि गावाकडची गाडी सुटते बरोबर पाचला, पुढची थेट पावणेसातला. मुली तोवर स्टँडवर बसून राहतात, काळोख पडतो, घरचे फोन करत असतात, आणि मग चार दिवसांनी त्यातली एखादी भावाची स्कूटी घेऊन यायला लागते. पाचची गाडी पाच-वीसला सोडा एवढंच मागणं आहे. दोन पत्रं दिली, उत्तर आलेलं नाही. सोमवारी मी आणि मुलं परत जातोय, या वेळी प्रत्येक गावाच्या नावापुढे मुलांची संख्या लिहून. काका म्हणाले, मी पण येतो, मीटरची वही घेऊन.