साइट बंद पडली तर चालेल, हिशोब हरवला तर नाही

"आधी फीचर्स, रिलायबिलिटी नंतर बघू." नव्या स्टार्टअपवाल्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलंय की त्यावर कुणी वादही घालत नाही. घातलाच, तर ट्विटरचा दाखला तयार असतो. २००८ च्या आसपास ट्विटर ऊठसूट बंद पडायचं, स्क्रीनवर पक्ष्यांनी उचललेल्या देवमाशाचं चित्र यायचं, तरी कंपनी मोठी झालीच ना?

झाली. पण तेव्हा ट्विटरवर कुणाचा गल्ला अडकलेला नव्हता. समजा, तुम्ही आडत्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकताय. मार्केट यार्डात पहाटे लिलाव उरकला की शेतकऱ्याला हिशोबपट्टी द्यावी लागते: वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. बाहेर त्याचा टेम्पो हॉर्न मारत असतो. अशा वेळी अ‍ॅप नुसतं गोल फिरत बसलं, तर आडत्या तुमच्या सपोर्टला फोन करत बसत नाही. ड्रॉवरमधलं छापील पट्टीबुक काढतो. दोनदा असं झालं की अ‍ॅप कायमचं बंद. बरं, तुमची गिऱ्हाइकं सगळी मिळून वीस, तीही शेजारशेजारच्या गाळ्यांतली. चहाच्या टपरीवर बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून लगेच वीस गिऱ्हाइकांसाठी कुबरनेटिस (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारी यंत्रणा) उभारायला निघू नका, ती निव्वळ हौस. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू असण्याचा वेळ) म्हणजेसुद्धा वर्षाला जवळपास पावणेनऊ तास बंद. हे तास भर दुपारी गेले तर कुणाला पत्ता लागणार नाही, लिलावाच्या वेळी गेले तर धंदा गेला. तेव्हा पहाटे डिप्लॉय करायचं नाही, म्हणजे नवी आवृत्ती चढवायची नाही, एवढा नियमही बरंच काम करतो.

खरी भीती वेगळीच, हिशोबच हरवण्याची. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधले, तर ते गप्पगार फेल होत होते, कारण डंप (डेटाबेसची नक्कल) घेणाऱ्या टूलची आवृत्ती डेटाबेसपेक्षा जुनी होती. फेल झाल्याचे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते! अपघाताच्या सहा तास आधी कुणीतरी टेस्टिंगसाठी हाताने एक कॉपी घेतली होती, तिने वाचवलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

त्यांनी लपवाछपवी मात्र केली नाही. दुरुस्ती चालू असताना नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट दाखवलं. आपल्याकडे याच प्रसंगी "थोडा टेक्निकल इश्यू आहे सर" म्हणून फोन सायलेंटवर जातो.

हल्ली कुणी प्रॉडक्ट दाखवायला आलं की मी एवढंच विचारतो: शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करून, कधी पाहिलात? "ऑटोमॅटिक चालू आहे की" असं उत्तर आलं, तर पुढचा डेमो बघत नाही.