खालच्या गावाचं पाणी

आज आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. घरी येऊन स्वयंपाक झाला, भांडी झाली, तरी डोकं थंड व्हायला तयार नाही, म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी लाईक करून निघावं.

विषय एसटीपीचा. आमच्या बेसमेंटमध्ये सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. फ्लॅट विकताना बिल्डरनं ब्रोशरमध्ये त्याचा फोटो छापला होता. तो प्लांट आता बंद असतो, कारण ब्लोअरचं (पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचं) वीजबिल. म्हणजे सगळ्या फ्लॅटांचं पाणी जसंच्या तसं नाल्यात आणि नाल्यातून नागनदीत. मी म्हटलं, चालू करा. तर एक गृहस्थ (शिकलेले, इंजिनिअर बरं का) म्हणाले, "मॅडम, तिकडे ट्रम्प पॅरिस करारातून उठून चालला, अन् तुम्ही आमच्या मोटरीच्या मागं काहून लागल्या?" (पॅरिस करार म्हणजे हवामान बदल आवरायला देशादेशांनी केलेला करार.) सगळे हसले. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला आणि समोसे आले.

नागपूरकराला विचारा, नागनदी कुठे जाते? शहराच्या पूर्व टोकाच्या भांडेवाडीपर्यंत सांगेल. त्यापुढे ती जणू ढगात जाते. अहो, ती कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि सगळा ऐवज गोसेखुर्दच्या धरणात जाऊन साचतो. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर सेल्फी काढायला आपण जातो ना, तेव्हा आपल्याच बाथरूमचं पाणी आपल्या मागून फोटोत येत असते.

माझी मावशी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात राहते, नदीकाठच्या गावात. मागे तिच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. पंगत बसली तर आम्हा नागपूरवाल्यांच्या पुढे वेगळे ग्लास आणि वेगळं पाणी, गार, कॅनचं. मी विचारलं, हे कशाला? मावशी म्हणाली, "तुमाले आमचं पानी सोसनार नाई ना बाप्पा, मनून कॅन आनली." बाकीची पंगत नळाचं पाणी पीत होती. ज्या पाण्याला आम्ही नागपुरात घाण करून पाठवलं, त्याच पाण्यापासून आम्हाला वाचवायला त्या बाईनं पदरचे पैसे घालून पाणी विकत आणलं होतं. आणि वरून तिलाच वाईट वाटत होतं, की आमच्याकडचं पाणी चांगलं नाही!

तर ट्रम्पवाले साहेब, ऐका. 1972 मध्ये स्टॉकहोमला जगातले देश पहिल्यांदा पर्यावरणासाठी एकत्र बसले. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर स्वतः गेलेल्या पंतप्रधान एकच, आपल्या इंदिरा गांधी. तिथल्या जाहीरनाम्यातलं 21 वं तत्त्व साधं आहे: तुमच्या हद्दीत काय करायचं ते करा, पण त्याचा त्रास हद्दीबाहेरच्यांना होता कामा नये. आणि गंमत पाहा, गोसेखुर्दच्या धरणाचं सरकारी नावच इंदिरा सागर आहे. त्यात आपण काय भरून ठेवलंय ते मावशीला विचारा.

1992 मध्ये रिओच्या परिषदेत पुढची गोष्ट ठरली. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, ज्यानं जास्त बिघडवलं त्यानं जास्त करावं. आपला देश तेव्हापासून हेच बोलतो आणि बरोबर बोलतो. अमेरिकेतला माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड सोडतो, आपला माणूस 2 टनांच्या आसपास. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की हवामान बदलाशी लढायला गरीब देशांना 2020 पासून दरवर्षी 100 अब्ज डॉलर देऊ. आकडा गाठला 2022 मध्ये, तोही बराचसा कर्ज धरून. 2024 ला बाकूच्या हवामान परिषदेत दरवर्षी 300 अब्जांवर गोष्ट आली, ती पण 2035 पर्यंत. भारताच्या प्रतिनिधीनं भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पडला होता. ह्याच ग्रुपवर. ह्याच साहेबांच्या.

बाकूमध्ये आपण भंडारा असतो आणि घरी आलो की अमेरिका होतो. मला राग ह्याचा आहे. वरच्यानं घाण करायची आणि खालच्यानं कॅन आणायची, हे आपल्याला वॉशिंग्टनबद्दल लगेच कळते, नागपूरबद्दल कळत नाही. उलट मावशीच्या कॅनचे पैसे द्यायचा प्रश्न आला की आपण म्हणतो, ते करत नाहीत तर आम्ही काहून करायचं? अमेरिका 2020 मध्ये पॅरिस करारातून निघाली, 2021 मध्ये परत आली, 2025 च्या जानेवारीत परत निघायचा आदेश निघाला. त्यांच्या येण्याजाण्यावर आपल्या बेसमेंटचं बटन चालणार आहे का?

हो, एका बिल्डिंगनं वैनगंगा साफ होत नाही, माहीत आहे मला. महापालिका भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देते, हे चांगलं काम आहे, तेही मान्य. आणि मे महिन्यात माझा कूलर कोराडीच्याच कोळशावर फिरतो, तेही कोणी कॉमेंटमध्ये सांगायची गरज नाही.

आता जरा शांत होऊन लिहिते. सेक्रेटरी काकांवर माझा राग नाही. पेन्शनीतून मेंटेनन्स भरणारी माणसं आहेत आमच्याकडे, त्यांना महिन्याला वाढीव वर्गणी म्हणजे औषधातून काढावी लागते. म्हणूनच रिओतली ती गोष्ट मला पटते. ज्यांच्याकडे दोन दोन गाड्या आणि चार चार एसी आहेत त्यांनी जास्त द्यावं, काकांनी कमी द्यावं. असं जगात एकदा झालेलं आहे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारात फ्रिज-एसीमधला, ओझोन खाणारा वायू कमी करायचं ठरलं, पुढे तो पूर्ण बंद करायचं ठरलं. गरीब देशांना 10 वर्षांची सवलत मिळाली, श्रीमंतांनी वेगळा निधी काढला, आणि पुढे जगातले एकूण एक देश त्यात आले. ओझोनचा थर भरून येतोय. म्हणजे माणसांना जमते. समोसे खाणाऱ्या माणसांनाही जमते.

आणि नाही, "सरकार नदीचं करून राहिलं ना" हे मला ऐकवू नका. नागनदीचा 1,900 कोटींहून मोठा प्रकल्प मंजूर आहे, त्यात जपानचं कर्ज धरलेलं आहे. आपल्या संडासाचं पाणी साफ करायला टोकियोतून पैसे यायला पाहिजेत आणि आपण ब्लोअरचं बिल भरणार नाही! 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नदी घराघरात शिरली तेव्हा महिनाभर सगळे नदीप्रेमी होते. नंतर सोफे बदलले, विषय संपला.

मावशीच्या गावात ढिवर लोक अजून जाळं टाकतात. ती म्हणते, मासोळी पहिल्यासारखी राहिली नाही. ती कोणाला नावं ठेवत नाही. नागपूरचा पाहुणा म्हणजे अजूनही तिच्याकडे मान असतो, आणि मान म्हणजे कॅन. पुढच्या वेळी मी नळाचंच पाणी मागणार आहे, मग पोट बिघडो.

आता "आधी चीनचं पाहा" लिहायला ज्यांची बोटं शिवशिवत असतील, त्यांनी एक काम करा. खाली जा, वॉचमनला विचारा आपला एसटीपी कुठे आहे, आणि चालू असेल तर मोटरचा व्हिडिओ कॉमेंटमध्ये टाका. आवाजासकट.