लाटसाहेब आणि कणीक

रविवारी अकरा वाजले तरी माझा धाकटा भाऊ लोळतच होता. आईने स्वयंपाकघरातून नेहमीची हाक मारली, "उठा आता, लाटसाहेब!" माझ्या लेकीने विचारलं, "आजी, लाट म्हणजे समुद्राची?" मी म्हटलं, "नाही गं, पोळ्या लाटतो तो." त्यावर आई, "याने जन्मात एक पोळी लाटली असेल तर शपथ."

चेष्टा बाजूला ठेवते. लाटसाहेबातला 'लाट' म्हणजे इंग्रजांचा लॉर्ड. आपल्याकडच्या जिभांवर घोळून त्याचा लाट झाला. समुद्राशी, पोळ्या लाटण्याशी किंवा दुसऱ्याचे पैसे लाटण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरू लागेल की लॉर्ड हा मूळ मराठी शब्द असून 'जो लाटतो तो लाट'.

पण गंमत पुढेच आहे. खरी व्युत्पत्ती शोधत गेलं तरी माणूस थेट स्वयंपाकघरातच पोचतो.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लॉर्डला 'ह्लाफोर्ड' म्हणत. (आह्लादातला 'ह्ल' म्हणून बघा, जीभ सरळ होते.) त्याच्याही मागचं रूप 'ह्लाफवेआर्ड'. ह्लाफ म्हणजे पाव, त्या लोकांची भाकरी. आजचा 'लोफ' तो हाच. वेआर्ड म्हणजे राखण करणारा. हॉस्पिटलातला वॉर्ड, होस्टेलचा वॉर्डन ही त्याचीच पिल्लावळ. थोडक्यात, लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार. पुढे ह्लाफोर्डचा लाव्हर्ड झाला, मग लोव्हर्ड आणि शेवटी लॉर्ड. रामचंद्रचा राम्या व्हावा तसा.

आणि लेडी? 'ह्लाफदिये'. भाकरीचं पीठ मळणारी.

घरात तिसराही होता. इंग्लंडातल्या केंट या छोट्या राज्याचा राजा एथेलबर्ट याचे इसवी सन 600 च्या आसपासचे कायदे इंग्रजी भाषेतले सर्वांत जुने मानतात. त्यात 'ह्लाफएटा' असा शब्द येतो. अर्थ, भाकरी खाणारा. एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या ह्लाफएटाला कोणी ठार मारलं तर दंड 6 शिलिंग. म्हणजे हा त्या घरचा पोसलेला गडी. एक राखतो, एक मळते, एक खातो. सगळी समाजव्यवस्था एका पावात! आपल्याकडे 'पोशिंदा' हा शब्द आहे, तो या जुन्या लॉर्डला अगदी चपखल बसतो. लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा मरता कामा नये, असं आपण म्हणतोच की.

मला स्वतःला यात लेडी जास्त आवडते. इंग्लंडातल्या आल्फ्रेड राजाची मुलगी एथेलफ्लेड 911 ते 918 मर्सियावर, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागातल्या राज्यावर, राज्य करत होती. गढ्या बांधल्या, व्हायकिंगांकडून डर्बी घेतलं. तिथल्या बखरीत तिला म्हटलंय 'मर्सियनांची ह्लाफदिये'. शब्दशः, अख्ख्या मर्सियाची कणीक मळणारी! अर्थात तोवर शब्दातलं पीठ कोणाला दिसत नसणार. 'दुहितृ' म्हणजे मुलगी, आणि तिचा जुना अर्थ धार काढणारी असा सांगतात. ती तरी आपल्याला कुठे दिसते?

आता जे सांगायला बसले ते. या 'दिये'च्या मुळाशी मळणे, थापणे, आकार देणे या अर्थाचा एक फार जुना धातू आहे. इंग्रजीतला 'डो', म्हणजे कणकेचा गोळा, त्यातलाच. संस्कृतात तोच 'दिह्' म्हणून उतरला. दिह् म्हणजे लिंपणे. त्यावरून देह. लिंपून, थापून घडवलेला तो देह. संदेहही त्यातलाच. म्हणजे लेडीतली 'डी' आणि तुकोबांच्या अभंगातला देह एका गोत्राचे निघाले. तोंडावळा जुळतो ते लाट आणि लाटणं एकमेकांचे कोणी नाहीत. जुळत नाही ते लेडी आणि देह मात्र सख्खे. व्युत्पत्तीचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की कानाला सारखं वाटलं म्हणून सोयरीक जुळवू नका. आणि देह संस्कृतात आहे म्हणून इंग्रजांनी तो आपल्याकडून नेला, असंही नाही. दोघांचा पणजोबा एक, इतकंच.

लॉर्डचं मात्र पुढे वाईट झालं. राखण गेली, भाकरी गेली, मान तेवढा उरला. 1876 ते 78 च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत माणसं उपाशी मरत होती तेव्हा व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. 1 जानेवारी 1877 ला त्याने दिल्लीत थाटात दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. इकडे धान्य बाहेर जात होतं, आणि दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी सरकारने दुष्काळासाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने कापून दिवसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे इतक्यावर आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज केले. आणि या सगळ्याच्या वर बसलेल्या माणसाच्या नावामागे बिरुद कोणतं, तर भाकरीचा राखणदार.

त्याच 1877 मध्ये धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घालायला बालाश्रम निघाला, जोतीराव आणि सावित्रीबाई त्या कामात होते. जुन्या अर्थाने लॉर्ड आणि लेडी कुठे राहत होते, ते तुम्हीच बघा.

कोर्टात 'मिलॉर्ड' म्हणण्याची गरज नाही, असं बार कौन्सिलने 2006 मध्येच सांगून झालंय. तरी वकिलांच्या तोंडून ते सुटत नाही. असो.

हे सगळं मी दुपारी आईला रंगवून सांगितलं. लेडी म्हणजे कणीक मळणारी, लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिठाचा हात पदराला पुसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. त्या लॉर्डाला म्हणावं, गिरणीत दळण ठेवलंय कालपासून. घेऊन ये."