लिमिट होल्डेममध्ये मोठा हात दाबून ठेवू नका

पोळ्यापासून आमच्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात एक मेसेज या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून बरेच पोट्टे घरीच चिंचोक्यांवर लिमिट होल्डेम खेळतात. हा पोकरचा प्रकार: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे. आधी तीन उघडतात (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर), आणि फ्लॉपच्या आधी नि प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या रकमेचीच बेट लावता येते. मेसेज त्यांच्यासाठी आहे: "शहाणा शेतकरी भाव आल्याशिवाय कापूस काढत नाही. तसाच मोठा हात दाबून ठेवा, नुसता कॉल करा, रेज शेवटी." (मोठा हात म्हणजे जोरदार पत्ते, कॉल म्हणजे समोरच्याएवढेच टाकणं, रेज म्हणजे वाढवणं.) कारणं चार दिली आहेत. रेज केली की सगळे पत्ते टाकून पळतात. एक्के गर्दीत तसेही फुटतात. टर्नला बेट दुप्पट होते म्हणून थांबावं. आणि कॉम्प्युटरनंही हेच सिद्ध केलंय.

कापसाचं उदाहरणच इथं लागू होत नाही. कापसाचा भाव उद्या चढू शकतो. लिमिटमध्ये भाव डाव सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. आमच्याकडे फ्लॉपपर्यंत २ चिंचोके, टर्न आणि रिव्हरला ४, एका फेरीत एक बेट आणि वर तीन रेज, बस्स. नो-लिमिटमध्ये, म्हणजे कितीही लावता येतं त्या प्रकारात, फ्लॉपला गप्प बसलेला माणूस रिव्हरला अख्खा ढीग पुढे लोटून कसर भरून काढतो. लिमिटमध्ये हुकलेली रेज हुकलीच, ती मागाहून वसूल करायची सोय नाही. दाबून ठेवायचा सल्ला मुळात नो-लिमिटचा आहे.

आता पळून जाण्याचं. फ्लॉपच्या आधी ज्यानं २ टाकलेत, त्याला रेजनंतर आणखी २ च टाकायचे असतात आणि समोर दहा-बारा पडलेले दिसतात. तो कशाला उठेल? फ्लॉपला काही जण जातात हे खरं, पण कोण जातो ते पाहा. पाच जण डावात, मध्ये १० चिंचोके. तुमच्या हातात दोन अठ्ठ्या, फ्लॉपला बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी, किलवरची पंजी. पहिल्यानं २ ची बेट केली, पाळी तुमची. मागून कुणीतरी हमखास म्हणतो, "आत्ताच कायले वाढवतं बे?" समजा त्याचं ऐकून तुम्ही कॉल केला. मध्ये १४ झाले. तुमच्यानंतरच्या माणसाकडे छक्की-चौकी आहे, चौकी ते अठ्ठी अशी ओळ (स्ट्रेट) लावायला त्याला फक्त सत्ती हवी. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत सत्त्या चार, म्हणजे पुढच्याच पत्त्याला ती येण्याची शक्यता साडेआठ टक्के. २ टाकून १४ मिळणार असतील आणि सत्ती आल्यावर तुमच्याकडून पुढे आणखी मिळणार असतील, तर तो आनंदानं बसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. तुम्ही रेज केलीत तर त्याला १६ साठी ४ मोजावे लागतात. आता उठला तर तुमच्या वाटेतला एक धोका गेला, बसला तर त्यानं तोट्याचा सौदा केला. दोन बदाम धरून बसलेला मात्र काही केल्या उठणार नाही. रिव्हरपर्यंत त्याचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के असते. उठणारच नाही तर त्याच्याकडून दुप्पट का घेऊ नये?

एक्के फुटतात, हे दुःख प्रत्येक खेळणाऱ्याला माहीत आहे. पण समोर कुठलेही चार हात धरा, शेवटपर्यंत सगळे राहिले तरी एक्क्यांची जोडी साधारण ५६ टक्के वेळा जिंकते. पाच जणांत न्याय्य वाटा २० टक्क्यांचा. रेजमुळे प्रत्येकाचे २ जास्त आले तर मध्ये १० वाढतात. त्यातले २ तुमचे, आणि सरासरीनं तुमच्याकडे साडेपाच परत येतात. ४४ वेळा हरलेलं मनात राहतं, म्हणून लोक रेज करायला भितात. हिशोब भीतीवर चालत नाही.

टर्नपर्यंत थांबण्यात मात्र अर्धं तथ्य आहे. फ्लॉप राजा-राजा-अठ्ठी, तुमच्याकडे दोन अठ्ठ्या, म्हणजे फुल हाऊस (तीन एकसारखे आणि एक जोडी). समोर एकच माणूस आणि तो टर्नलाही बेट करणार याची खात्री. अशा वेळी फ्लॉपला कॉल करून टर्नला ४ च्या भावानं रेज करणं उत्तम. पण त्यासाठी हात सहजी न फुटणारा हवा आणि समोरचा बेट करणारा हवा. टर्नला त्यानं चेक केलं (काही न लावता पाळी सोडली), की फ्लॉपची रेज गेली आणि टर्नचीही. मागे तीन-चार जण फ्लश नि स्ट्रेटची वाट पाहत असतील तर तुम्ही त्यांना स्वस्तात पत्ता दाखवला. मेसेजमध्ये यातली एकही अट नाही.

कॉम्प्युटरचा दाखला सर्वांत जास्त दिशाभूल करतो, कारण त्यातला एक आकडा खरा आहे. अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात 'सेफियस' हा प्रोग्रॅम मांडला. दोघांतला लिमिट होल्डेम त्यानं जवळपास पूर्ण सोडवला. फ्लॉपच्या आधी डीलर (पत्ते वाटणारा) असताना एक्क्यांची जोडी हातात असली, तरी सेफियस शेवटची रेज ०.०१ टक्क्यापेक्षा कमी वेळा करतो. मेसेजनं उचललं ते एवढंच. ती रेज म्हणजे फेरीतली चौथी बेट: दोघांनीही आधी वाढवून झालेलं असतं, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत डीलरची चाल नंतर येणार असते. त्याच निबंधात हेही आहे, की डीलर असताना नुसता कॉल करून सुरुवात तो अवघी ०.०६ टक्के वेळा करतो. म्हणजे पत्ते टाकले नाहीत तर सेफियस जवळजवळ नेहमी रेजनंच सुरुवात करतो. आणि तीही दोघांच्याच डावात. पाच जणांच्या डावासाठी तो प्रोग्रॅम बनलेलाच नाही.