सबमिट केलं म्हणजे संपलं नाही

‘महाडीबीटीवर अर्ज सबमिट केला की विद्यार्थ्याचं काम संपलं, पुढचं कॉलेज बघतं’ हे राज्य सरकारच्या या शिष्यवृत्ती पोर्टलबद्दलच्या लेखातलं वाक्य वाचून थांबलोच. गेल्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांची हीच समजूत होती. पोराचा इंजिनिअरिंगचा ईबीसीचा (म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा) अर्ज भरला, पावती फाईलला लावली आणि विसरलो. कॉलेजने तो त्रुटी काढून परत पाठवला होता. कारण काय, तर उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा जोडलेला! पोराने लॉगिन करून बघितलंच नव्हतं. अगदी शेवटच्या दोन दिवसांत तहसीलच्या खेपा घालून नवा दाखला काढला, म्हणून निभावलं.

दुसरं म्हणजे बँक खातं. लेखात ‘पासबुकाची प्रत तयार ठेवा’ एवढंच आहे. पण पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, पासबुक कुठलंही दाखवा. माझ्या भाच्याने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, तिथे आधार जोडला, आणि जुन्या खात्यात तीन महिने एण्ट्री शोधत बसला. पैसे नव्या खात्यात कधीच पडले होते. बरं, त्या पैशातून कॉलेजची फी भरायची राहिली, तर दंड भरायला मामाच! आणि हो, दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तेही लेखात हवं होतं.